तीनशे चाळीसचं जेट

"माझ्या सासऱ्याने चूक कबूल केलीय," केंट मबरी म्हणाला, "आणि तो खोटं बोलतोय. का बोलतोय, तेवढं मला शोधून द्या."

एल सेंट्रोच्या इस्पितळात केंट कंबरेपासून खाली प्लास्टरमध्ये होता. उजवा पाय वजनं लावून टांगलेला. पुन्हा चालशील, पण कसा चालशील ते आत्ताच विचारू नकोस, असं डॉक्टरांनी त्याला सांगून ठेवलं होतं.

रोझा उगार्ते खिडकीला टेकून ऐकत होती. अर्धं आयुष्य तिने एका विमा कंपनीसाठी जळालेल्या आणि आपटलेल्या गाड्यांची पोटं उघडून पाहण्यात घालवलं होतं. आता ती स्वतःच्या नावावर तपासाची कामं घेई. दाराशी टोपी हातात धरून उभा होता तो तिचा शेजारी मर्विन पोप. तो शाळेची बस चालवून निवृत्त झालेला. रोझाला गाडी चालवताना विचार करायची खोड होती, म्हणून हल्ली तिचा पिकअप ट्रक मर्विनच चालवायचा. मर्विनला ती खोड नव्हती.

"पहिल्यापासून सांग," रोझा म्हणाली.

"शनिवारी सकाळी वाळूच्या चढावर माझी आणि रिको साल्सेडोची शर्यत होती. दोघांच्याही क्वाड, म्हणजे जाड चाकांच्या चारचाकी मोटारसायकली, टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्येच ऑइल कालवून चालणाऱ्या. अर्ध्या चढावर माझं इंजिन जाम झालं. मागची चाकं आवळल्यासारखी थांबली, मी हँडलवरून पुढे फेकला गेलो आणि क्वाड माझ्या अंगावर आली."

"आणि इंजिन तुझ्या सासऱ्याने जुळवलेलं."

"हॉलिस ग्रँडीने. या वाळूवर कार्ब्युरेटर जुळवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. तो म्हणतो, आदल्या संध्याकाळी जेट बदलायला विसरलो. उगार्तेबाई, हा माणूस स्वतःच्या बायकोचा वाढदिवस विसरायचा, पण जेट विसरलेला मी पाहिलेला नाही."

मर्विनने घसा खाकरला. "जेट म्हणजे ते..."

"कार्ब्युरेटरमधली पितळेची बारकी गुंडी," रोझा म्हणाली. "मधोमध भोक. त्या भोकातून जाईल तेवढंच पेट्रोल इंजिनाला मिळतं. थंड हवा दाट असते, तिला पेट्रोल जास्त लागतं. म्हणून गार सकाळी मोठ्या भोकाचं जेट घालायचं. नाही घातलं तर पेट्रोल कमी पडतं, इंजिन भडकून तापतं, पिस्टन फुगतो आणि सिलिंडरमध्ये गच्च बसतो."

"शनिवारी सकाळी गारठा होताच," केंट म्हणाला. "आणि प्लग पांढराफटक निघालाय. म्हणजे पेट्रोल कमी पडलं, हे खरं. त्यामुळे सगळ्यांना हॉलिसचं म्हणणं पटलंय. डार्लाला तर सगळ्यात आधी पटलं."

डार्ला म्हणजे केंटची बायको, हॉलिसची एकुलती एक मुलगी. इस्पितळाच्या जिन्यावरच तिने बापाला सांगितलं होतं की आजपासून तुम्ही मला मेलात. परवा सामानाची गाडी येणार होती. केंटला इस्पितळातून सोडलं की दोघांनी आयडाहोला तिच्या मावशीकडे जायचं आणि पुन्हा इकडचं तोंड पाहायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं.

"मला बाप नव्हता, बाई," केंट छताकडे पाहत म्हणाला. "जो मिळाला तो लग्नात मिळाला. डार्लाही त्याच्याशिवाय राहू शकत नाही, हे तिला आत्ता कळत नाहीये. परवाच्या आत काय ते शोधा. आणि जे निघेल ते आम्हा तिघांसमोर सांगा. माझ्या, तिच्या आणि त्याच्या. कुजबुज नको."

"जे निघेल ते तुला आवडेलच असं नाही."

"माझं आणखी काय मोडायचं राहिलंय?"

रोझा खिडकीपासून बाजूला झाली. "ठरलं," ती म्हणाली.

क्वाड पोलिसांच्या आवारात पत्र्याच्या छपराखाली ठेवली होती. हँडल वाकलेलं, पुढचं मडगार्ड तुटलेलं. मालकाची परवानगी होती, त्यामुळे पहारेकऱ्याने फक्त मान हलवली आणि पुन्हा आपल्या रेडिओत डोकं घातलं.

"हे त्या रिकोचं काम आहे," ट्रकमधून पाना-पेटी उतरवताना मर्विन म्हणाला. "शनिवारी पहाटे तो केंटच्या तंबूपाशी घुटमळत होता, असं सगळा तळ बोलतोय. शर्यत त्यालाच जिंकायची होती."

"मग आपलं काम झालं. चल, जेवायला जाऊ."

मर्विनने पेटी छपराखाली नेऊन ठेवली.

रोझाने आधी पेट्रोलची टाकी उघडली. टाकी कोरडी ठणठणीत होती. मग तिने दोन्ही प्लग काढून हातावर ठेवले. टोकाची चिनीमाती खडूसारखी पांढरी पडली होती. प्लगच्या भोकातून तिने बॅटरीचा झोत आत टाकला. पिस्टनची कड वितळून भिंतीला चिकटलेली होती.

"इथवर सगळं त्याच्या म्हणण्याप्रमाणे आहे," ती पुटपुटली. "पेट्रोल कमीच पडलंय."

मग ती कार्ब्युरेटरच्या मागच्या रबरी नळ्यांकडे वळली. कुठे चीर नव्हती, पट्टे घट्ट होते. बाहेरची हवा आत शिरायला वाव नव्हता. टाकीखालची जाळीही स्वच्छ होती. मर्विन वाकून पाहत होता. उठताना त्याचा गुडघा धुराच्या नळीच्या सांध्याला लागला.

"हात्तिच्या," तो म्हणाला. खाकी पँटवर काळाकुट्ट, चिकट ओघळ उतरला होता. खाली फरशीवरही त्याच तेलाचं हाताएवढं थारोळं साचलं होतं. "धुवून निघेल का गं हे?"

"निघणार नाही. आणि ते पुसू नकोस, नुसता उभा राहा." रोझाने त्या डागाकडे नको तितका वेळ पाहिलं. मर्विन अवघडला.

शेवटी तिने कार्ब्युरेटरखालची वाटी सोडवली. वाटीत तळाशी थोडं पेट्रोल शिल्लक होतं. तिने खिशातून कागदी रुमाल काढला, त्यात ते टिपून घेतलं आणि रुमाल एका काचेच्या बाटलीत बंद केला. मग दोन्ही कार्ब्युरेटरमधली जेट काढून मर्विनच्या तळहातावर ठेवली.

"आकडा वाच."

मर्विनने चष्मा कपाळावरून खाली ओढला. "तीनशे चाळीस. हेही तीनशे चाळीस."

"आदल्या दुपारी ऊन होतं, तेव्हा तीनशे वीस होती. इथे येण्याआधी मी केंटला फोनवर विचारून घेतलंय. तीनशे चाळीस म्हणजे थंडीचं जेट."

मर्विनला हिशेब लागायला थोडा वेळ लागला. "म्हणजे म्हातारा विसरला नव्हता. त्याने बदलली होती."

"बदलली होती, आणि बरोबर बदलली होती."

"मग पेट्रोल कमी कसं पडलं?"

"हाच तर प्रश्न आहे," रोझा म्हणाली. "आणि त्याहून मोठा प्रश्न असा की, न केलेली चूक माणूस आपल्या डोक्यावर का घेतो."

वाळूच्या टेकड्यांपाशी तळावर अजून बरीच बिऱ्हाडं होती. रेल्वेच्या रुळांपलीकडे गाड्यांची, तंबूंची गर्दी, आणि टेकडीच्या अंगावर दिवसभर मुंग्यांसारख्या फिरणाऱ्या क्वाड. रिको साल्सेडो आपल्या ट्रकच्या फळीवर बसून भाजलेलं मांस पोळीत गुंडाळलेला बरिटो खात होता. शर्यतीबद्दल बोलायला त्याला नको होतं, हे लांबूनच दिसत होतं.

"या रोझामावशी. मला बेड्या घालायला हे काका आणलेत वाटतं?"

"काका फक्त गाडी चालवतात. शनिवारी पहाटे केंटच्या तंबूपाशी काय करत होतास?"

"फार गारठा होता. शर्यत तासभर पुढे ढकलायची का, ते विचारायला गेलो होतो. क्वाडवरची ताडपत्री पुढून दुमडलेली दिसली, म्हणून वाटलं केंट उठलाय. हाक मारली तर मागून डार्ला आली, हात पुसत. केंट झोपलाय म्हणाली. मला कॉफी दिली. कॉफी पिऊन मी परत आलो. बस्स. त्यावरून लोकांनी मला खुनी ठरवलंय."

"सुरुवातीच्या रेषेवर काय दिसलं?"

रिकोने खाणं खाली ठेवलं. "काही दिसलंच नाही, तर सांगू काय? केंटच्या क्वाडने एवढा निळा धूर काढला की मला झेंडेवालाही दिसेना. लोक हसत होते, डास मारायचं यंत्र आणलंय म्हणून. आणि वास कसला सुटला होता! गोडसर. माझा बाप शर्यती करायचा तेव्हा असा वास यायचा. हल्ली कोणी ते ऑइल वापरत नाही."

"केंट कुठलं वापरतो?"

"मी वापरतो तेच. नवं, पाण्यासारखं. त्याला वास नाही, धूर नाही."

"आणि तो पडल्यावर?"

"मी क्वाड वळवून आलो. हॉलिस माझ्या आधी पोचला होता, त्या वयात चढावरून धावत. केंटचा श्वास चालू आहे पाहिल्यावर तो क्वाडकडे गेला. धुराच्या नळीजवळ नाक नेलं आणि नुसता उभा राहिला, मावशी. अंगातलं सगळं रक्त उतरल्यासारखा. मग खाली बसला, टाकीची नळी उपसली आणि सगळं पेट्रोल वाळूत सोडून दिलं. आग लागेल म्हणाला."

"लागली असती?"

"इंजिन थंड पडायला लागलं होतं. पण त्या वेळी त्याच्याशी वाद कोण घालणार?" रिकोने उरलेला बरिटो कागदात गुंडाळला. "मी जिंकलो म्हणतात. मी पुन्हा त्या चढावर गेलेलो नाही."

परत फिरताना मर्विन हळूच म्हणाला, "पोरगा खरं बोलतोय असं वाटतं."

"तुझा खुनी हातचा गेला," रोझा म्हणाली. पण ती हसत नव्हती.

डार्ला तंबू उतरवत होती. डोळे सुजलेले, केस रुमालात बांधलेले, आणि हात एवढे झपाट्याने चालत होते की थांबले तर काहीतरी होईल अशी तिला भीती असावी. ट्रेलरवर तिची स्वतःची छोटी क्वाड बांधलेली होती. तिची साखळी सुटून खाली लोंबत होती.

"बाबांची वकिली करायला आला असाल तर परत जा," ती म्हणाली.

"मला तुझ्या नवऱ्याने नेमलंय. तुझी क्वाड बिघडलीय का?"

"साखळी तुटलीय. या मोसमात ती ट्रेलरवरून उतरलीच नाही. केंट म्हणाला होता करून देतो." तिने तोंड फिरवलं. "तो स्वतःचीच करण्यात गुंतलेला."

"शर्यत तुला पसंत नव्हती."

"गेल्या वर्षी खांद्याचं हाड मोडलं. मी पाया पडायची बाकी राहिले होते की ही एक सोडून दे. रिको त्या चढावर जीव खाऊन येतो, आणि केंट त्याच्याहून जास्त. शनिवारी मशीन सुरूच झालं नसतं तर मी देवाला मेणबत्ती लावली असती." मग तिचा आवाज चढला. "आणि ज्यांच्या भरवशावर मी त्याला जाऊ दिलं, ते जेट बदलायला विसरतात. ऑइल कमी-जास्त झालं तर समजू शकते. ऑइल जास्त झालं तर प्लग ओला होऊन मशीन नुसतं खोकतं, कोणी मरत नाही. जेट चुकलं तर माणूस जातो. हे मी लहान असताना बाबांनीच मला शिकवलंय. त्यांनीच!"

मर्विनने घडी घातलेल्या तंबूचं एक टोक धरून तिला मदत केली.

"केंट पेट्रोल या लाल डब्यात कालवून ठेवतो ना?" रोझाने विचारलं. "एक थेंब घेऊ का?"

"घ्या की. तसंच अर्धं पडलंय."

रोझाने दुसऱ्या रुमालाचं टोक डब्यात बुडवलं. मग सहज विचारल्यासारखं म्हणाली, "या मर्विनच्या गवत कापायच्या मशीनला थोडं ऑइल हवं होतं. तुझ्या क्वाडचं आहे का?"

मर्विनच्या घरापुढे गवताची काडी नव्हती. पण त्याने शहाण्यासारखी मान डोलावली.

डार्लाने ट्रेलरवरची पेटी उघडली, एक बाटली उचलली आणि परत ठेवली. "बाबा मला त्यांचं जुनं ऑइल देतात. माझी क्वाड त्याच्यावरच चालते. पण संपलंय ते." तिचा चेहरा किंचित लाल झाला. "आणायला हवं."

रस्त्याला लागल्यावर रोझाने काचेची बाटली उघडली आणि पहिला रुमाल मर्विनच्या नाकापुढे धरला. पेट्रोल उडून गेलं होतं. मागे राहिलेला डाग तेलकट, जाड होता.

मर्विनने तोंड वाकडं केलं. "अगं, हे तर एरंडेल. लहानपणी पोट बिघडलं की आई नाक दाबून हेच पाजायची."

"आणि हा?" तिने दुसरा रुमाल धरला, डब्यातला.

"याला काहीच वास नाही."

रोझाने दोन्ही रुमाल गुंडाळून ठेवले आणि पुढचा सगळा रस्ता ती बाहेर पाहत राहिली. तिला असं गप्प बसलेलं पाहिलं की मर्विनला बरं वाटत नसे.

हॉलिस ग्रँडीचं गॅरेज ब्रॉलीला, कांद्याच्या शेतांना लागून होतं. दार अर्धं ओढलेलं. उंच, वाकलेला म्हातारा रिकाम्या बाकापाशी उभा होता. सगळी हत्यारं जागच्या जागी टांगलेली होती आणि त्याच्या हातात काहीच नव्हतं.

"कोणती जेट होती आत?" रोझाने विचारलं.

"तीनशे वीस. दुपारचीच राहिली. विसरलो."

"संध्याकाळी केंटने तुम्हाला कार्ब्युरेटर उघडून बसलेलं पाहिलं."

"साफ करत होतो. साफ केलं आणि तीच परत घातली. वय झालं, बाई. लिहून घ्या आणि संपवा."

"त्यानंतर क्वाड पाहायला गेलात का पोलिसांकडे?"

"काय पाहायचं? मला माहीत आहे मी काय केलंय."

"टाकी का रिकामी केली?"

त्याने पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाहिलं. "आग लागू नये म्हणून."

बाहेर मालगाडीची लांब शिटी वाजली.

"उद्या दुपारी इस्पितळात या," रोझा म्हणाली.

"मला तिथे यायला बंदी आहे. माझ्या मुलीने घातलीय."

"केंटने बोलावलंय. आणि हॉलिस, तुम्ही आला नाहीत तरी मी बोलणार आहे."

म्हाताऱ्याचा हात बाकाच्या कडेवर आवळला. "कोणाचं भलं होणार आहे त्यात?" तो म्हणाला. मर्विनला त्या आवाजात राग जाणवला नाही. भीती होती ती, उघडी भीती.

दुसऱ्या दिवशी दुपारी केंटच्या खोलीत कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. डार्ला नवऱ्याच्या उशाशी उभी. हॉलिस दाराच्या आत दोन पावलं येऊन थांबलेला, टोपी छातीशी धरून. मर्विन भिंतीला चिकटून होता आणि आपण इथे नसतो तर बरं, असं त्याला मनापासून वाटत होतं.

रोझाने खिशातून दोन पितळी गुंड्या काढून केंटच्या पांघरुणावर ठेवल्या.

"ही तुझ्या क्वाडमधली जेट. मी स्वतः काढली. आकडा वाच, डार्ला."

डार्लाने एक उचललं. "तीनशे चाळीस," ती म्हणाली. मग दुसरं उचललं. तिच्या कपाळावर आठी आली. "पण बाबा तर म्हणाले..."

"तुझे बाबा विसरले नव्हते. गार सकाळसाठी हवं तेच जेट त्यांनी संध्याकाळी घातलं होतं. त्यांनी सांगितलेली चूक घडलेलीच नाही."

"उगार्तेबाई," हॉलिस म्हणाला, "मी तुमच्या पाया पडतो. इथे थांबा."

"कुजबुज नको," केंट पलंगावरून म्हणाला. "ठरलंय आमचं."

रोझाने डार्लाकडे पाहिलं. तिचा आवाज मऊ होता, आणि मर्विनला तो नेहमीच्या आवाजापेक्षा जास्त टोचला.

"शनिवारी पहाटे टाकीत किती ऑइल ओतलंस, पोरी?"

डार्ला दचकली. तिने आधी केंटकडे पाहिलं, मग खाली. शाळेत चिठ्ठी पकडली गेलेल्या मुलीसारखी ती ओशाळली.

"सांगणारच होते मी," ती केंटला म्हणाली. "बाटलीभर ओतलं. म्हटलं प्लग ओले होतील, मशीन खोकेल आणि तुला शर्यत सोडून द्यावी लागेल. पण तू ते गरम करत बसलास आणि ते चाललं. काहीच झालं नाही त्याने." मग ती रोझाकडे वळली. "पण त्याचा इथे काय संबंध? ऑइलने इंजिन वाचतं. जाम होतं ते पेट्रोल कमी पडून."

हॉलिसने डोळे मिटून घेतले होते.

"रोझा," मर्विन म्हणाला. तो कधी मध्ये बोलत नसे. "पुरे."

"नाही रे मर्विन. आता अर्ध्यावर सोडलं तर ती सगळी रात्र स्वतःच शोधत बसेल, आणि एकटीच शोधेल." रोझा डार्लाजवळ गेली. "जेटच्या भोकातून जेवढं जायचं तेवढंच जातं. त्यात पेट्रोलही असतं आणि ऑइलही. कप तेवढाच असला आणि त्यात दूध जास्त ओतलं, तर कॉफी कमीच मावणार. ऑइल वाढलं की त्याच भोकातून पेट्रोल कमी जातं. साध्या मशीनला ते कळतही नाही. धुरकटतं, खोकतं. तुझ्या बाबांनी तुला शिकवलं ते तुझ्या छोट्या क्वाडसाठी खरंच होतं. पण केंटचं इंजिन शर्यतीसाठी धारेवर लावलेलं होतं. त्याला एवढाही फरक सोसत नाही."

डार्लाच्या हातातली जेट पांघरुणावर पडली.

"मला पहिल्यांदा शंका आली ती मर्विनच्या पँटवरून," रोझा पुढे म्हणाली, कारण थांबणं आता जास्त वाईट झालं असतं. "प्लग पांढरा, म्हणजे आत पेट्रोलचा दुष्काळ. आणि धुराच्या नळीतून तेल गळतंय, म्हणजे तेलाचा पूर. जेट चुकलं असतं तर दोन्ही एकदम दिसलं नसतं. नळ्यांना चीर नव्हती, जाळी साफ होती. मग उरलं काय, तर टाकीत जे होतं ते. टाकी हॉलिसनी रिकामी केली होती. पण कार्ब्युरेटरच्या वाटीत थोडं राहिलं. आग लागेल म्हणून टाकी रिकामी करता येते, चारचौघांत कार्ब्युरेटर उघडत बसता येत नाही. त्या थेंबांना एरंडेलाचा वास होता; शर्यतीच्या जुन्या ऑइलमध्ये एरंडेलच असायचं. केंटच्या डब्यातल्या पेट्रोलला तो नव्हता, म्हणजे ऑइल डब्यात नाही, थेट टाकीत पडलं. रिकोलाही रेषेवर तोच वास आला. ते ऑइल आता फक्त हॉलिसकडे असतं, आणि हॉलिस ज्याला देतात त्याच्याकडे. तुझी क्वाड या मोसमात ट्रेलरवरून उतरली नाही, तरी तुझी बाटली रिकामी होती. पहाटे ताडपत्री दुमडलेली होती आणि तू हात पुसत आलीस."

"आणि बाबा?" डार्लाचा आवाज ओळखू येत नव्हता.

"त्यांनी धुराच्या नळीला नाक लावलं, त्या क्षणी त्यांना सगळं कळलं. टाकी रिकामी केली आणि सगळ्यांना पटेल अशी चूक स्वतःच्या नावावर घेतली. आपण जेट बरोबर घातलंय हे त्यांना माहीत होतं. पण त्यांनीच कबूल केल्यावर कोण उघडून पाहणार, असं त्यांना वाटलं. आणि खरंच कोणी पाहिलं नाही."

"चूक माझीच आहे," हॉलिस घाईघाईने म्हणाला. "ऐक, डार्ला. ऑइल जास्त झालं तर काही होत नाही, हे मी तुला शिकवलं. निम्मंच शिकवलं. मी इंजिन एवढं धारेवर लावायला नको होतं. या बाई हुशार आहेत, पण जेटचं मी..."

"बाबा, गप्प बसा," डार्ला म्हणाली.

ती पलंगाची कड धरून उभी राहिली. केंटने हात लांब करून तिचं मनगट पकडलं. त्याने ते सोडलं नाही. बराच वेळ ती त्याच्या टांगलेल्या पायाकडे पाहत होती. रडली नाही. मर्विनला वाटलं, रडली असती तर बघणं सोपं गेलं असतं.

"मी तुम्हाला जिन्यावर काय काय बोलले," ती शेवटी बापाला म्हणाली. "आणि तुम्ही मान खाली घालून ऐकून घेतलं. का नाही सांगितलंत मला?"

हॉलिसने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"माझ्यावर चिडलेली होतीस तेव्हा तू जेवत होतीस, सामान बांधत होतीस, भांडत होतीस. जिवंत होतीस," तो म्हणाला. "स्वतःवर चिडली असतीस तर मी तुला कुठे शोधलं असतं?"

डार्ला पलंगाला वळसा घालून दारापर्यंत गेली आणि तिने कपाळ त्याच्या छातीवर टेकलं. म्हाताऱ्याला हात कुठे ठेवावे कळेना. मग त्याने ते तिच्या पाठीवर ठेवले, हलके, तापलेल्या वस्तूला हात लावून पाहावा तसे. तेव्हा मात्र ती रडली, मोठ्याने, आणि कोणी तिला थांबवलं नाही.

रोझाने मर्विनला डोळ्यांनी खूण केली. बाहेर पडताना मर्विनने एकदा मागे पाहिलं. केंटने उशाजवळची घंटी दाबली होती आणि आलेल्या नर्सला तो सांगत होता की माझे सासरे उभे आहेत, त्यांना बसायला खुर्ची आणा.